गुडघा दुखतोय म्हणून आलेला खुबा

धडगावकडचा पावरा तरुण, पंचविशीच्या आतला, कबड्डीत चढाई करणारा. हातात उजव्या गुडघ्याचे दोन एक्स-रे, दोन्ही नॉर्मल. वर्षभर शेक, मलम, पट्टा सगळं झालेलं. नंदुरबारला माझ्याकडे त्याला गुडघ्याच्या व्यायामांसाठी पाठवलं होतं.

पण चाल गुडघ्याची नव्हती. उजव्या पायावर उभं केलं की कंबरेची डावी बाजू खाली जाई. उताणं झोपवून खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवले आणि पाऊल बाहेर नेलं. अशानं खुबा आत फिरतो, साधारण 30 ते 40 अंश. त्याचा जेमतेम 10 अंशांवर अडला आणि त्यानं जांघ घट्ट धरली. खुब्याला आणि गुडघ्याला काही नसा सामाईक असतात, त्यामुळे बिघाड वर आणि ठणका खाली असं होतं. अशा वेळी गुडघ्याचे कितीही एक्स-रे काढा, काही सापडत नाही.

सातपुड्याच्या पट्ट्यात तरुण माणसाचा खुबा अडला की सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचं विचारायलाच हवं. "लहानपणी हातपाय दुखायचे का?" आई म्हणाली, "हो ताई, थंडीत तर रात्रभर रडायचा." रक्ततपासणीत एसएस निघालं, म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही सिकलसेलचं जनुक आलेलं. आपल्याकडे हा आजार बऱ्याच जणांत सौम्य असतो, म्हणून धडधाकट खेळाडूत कुणाला शंकाच येत नाही. विळ्यासारख्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त मिळत नाही, हाड मरतं आणि खचतं. सुरुवातीला हे फक्त एमआरआयमध्ये दिसतं. तेव्हा सापडलं तर हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करता येतो. याचा गोळा चपटा झाला होता. सांधाच बदलावा लागला.

सिकलसेलमध्ये हे ऑपरेशन जोखमीचं. हाडाची पोकळी आतून टणक हाडानं बुजलेली असते. कृत्रिम सांध्याच्या दांड्यासाठी वाट करताना हाड फुटू शकतं. अंगात पाणी कमी पडलं, थंडी वाजली किंवा ऑक्सिजन घटला की पेशी पुन्हा अडकतात. म्हणून सलाईन आणि उबदार पांघरूण यांत कसूर चालत नाही, आणि नंतर छातीत दुखलं तर लगेच डॉक्टरांना बोलवायचं.

दुसऱ्या दिवशी तो वॉकरवर चालला. अवघड होतं ते घर. सांधा मागून उघडला की तिथलं आवरण भरायला 6 ते 12 आठवडे लागतात. तोवर खुबा काटकोनापलीकडे वाकला आणि पाय आत वळला, तर गोळा मागे निसटू शकतो. घरी दोरीची खाट. तिच्यात कंबर रुतते आणि उठताना गुडघे छातीशी येतात. खाटेवर फळी टाकायला आणि पायांखाली विटा लावायला सांगितलं, बसल्यावर गुडघे खुब्याच्या खाली राहतील इतक्या. शौचाला कमोडची खुर्ची. वळताना ऑपरेशनच्या पायावर गिरकी नाही, छोटी पावलं टाकायची. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. काठी डाव्या हातात. बरेच जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात, पण विरुद्ध हातात धरली तरच खुब्याच्या स्नायूंवरचा भार कमी होतो.

"निंदणी?" त्यानं विचारलं. उकिडवं बसून नाही. कबड्डी तर नाहीच, हे त्याला सांगणं जड गेलं. चालणं आणि पुढे सायकल चालेल.

निघताना आई म्हणाली, धाकटीचेही पाय दुखतात. आईबाप दोघेही वाहक असतील, म्हणजे प्रत्येकात या आजाराचं एकेक जनुक असेल, तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. धाकटीला तपासणीसाठी घेऊन यायला तिथंच सांगितलं.