मुळांपुरती मेंदी, कानशिलांवर नीळ: आतापर्यंत कुठवर आले

केसांच्या लांबीला मेंदी लावणं आता पूर्ण बंद केलंय. मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य केसातल्या केराटिन या प्रथिनाशी एकदा जोडलं गेलं की धुऊन निघत नाही, त्यामुळे प्रत्येक खेपेला टोकापर्यंत लेप ओढला तर रंगावर रंग चढत राहतो. माझ्या टोकांना आलेली गडद डाळिंबी झाक मला आवडते, पण याहून गडद नको. तेव्हा लेप फक्त नव्या वाढीला, ब्रशने, भांग पाडत पाडत. वेळ जास्त जातो, पूड मात्र निम्म्याहून कमी लागते. उरलेली भिजवलेली मेंदी फ्रीझरमध्ये छान टिकते.

खरी लढाई कानशिलांवर आहे. तिथले पांढरे केस जाड, ताठ आणि गुळगुळीत. रंग धरायला नाखूश. मेंदी आणि नीळ (कपड्यांची नव्हे, निळीच्या झाडाच्या पानांची पूड) समप्रमाणात एकत्र कालवून लावली की डोक्यावर सगळीकडे सुंदर तपकिरी रंग येतो आणि कानशिलांवर तेवढी तांब्याची तार चमकते. म्हणून तिथे आता दोन टप्पे करते. आधी नुसती मेंदी, तीन तास. मग ती स्वच्छ धुवायची, शाम्पू न लावता, आणि ओलसर केसांवर लगेच नुसती नीळ. पांढऱ्या केसावर मेंदीचा पाया नसेल तर निळीचा रंग निळसर-राखाडी दिसतो आणि लवकर उतरतो. पाया असला की तीच नीळ तपकिरी ते काळ्याच्या दरम्यान कुठेतरी स्थिरावते. कुठे, ते वेळेवर ठरतं. अर्ध्या तासात गडद तपकिरी, दीड-दोन तास ठेवली तर जवळपास काळा. मी अर्ध्या तासाच्या थोडं पुढे थांबते, कारण बाकीच्या डोक्याशी मेळ बसायला हवा.

मेंदी आणि नीळ यांचे स्वभाव अगदी उलटे आहेत, आणि बहुतेक प्रयोग फसतात ते दोघींना एकाच पद्धतीने भिजवल्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. मेंदीला किंचित आंबट पाणी आणि सवड लागते. मी आवळ्याची पूड घालून रात्रभर झाकून ठेवते. लिंबू सोडलं, केस कोरडे पडत होते. आवळ्याने लाल झाक थोडी दबते आणि कुरळेपणाही टिकतो. नुसत्या मेंदीने केसांचे वळसे सैल पडतात, हे कुरळ्या केसांच्या मंडळींनी ध्यानात ठेवावं. निळीला यातलं काहीच चालत नाही. आंबट तर अजिबात नको. निळीच्या पानात इंडिकन नावाचं द्रव्य असतं. पाणी लागताच ते फुटून इंडॉक्सिल हे दुसरं द्रव्य सुटतं, आणि हे इंडॉक्सिल केसात शिरलं तरच उपयोग. हवेशी संयोग होऊन त्याचा निळा, पाण्यात न विरघळणारा रंग वाडग्यातच तयार झाला, तर तो केसावर नुसता बसतो आणि पहिल्या धुण्यात वाहून जातो. म्हणून नीळ कोमट पाण्यात, चिमूटभर मीठ घालून, पंधरा मिनिटांच्या आत डोक्यावर. हिरव्या लेपावर निळसर साय धरू लागली की लावायची वेळ झाली समजा. या लेपाला मेंदीसारखा चिकटपणा नसतो, वाळूसारखा ओघळतो; जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत गर थोडा मिसळला की जागेवर राहतो. वरून टोपी घट्ट. लेप सुकला की रंग चढणं थांबतं.

धुतल्यावर आरशात जे दिसतं त्यावर विश्वास ठेवू नका. मेंदी सुरुवातीला भडक केशरी आणि नीळ हिरवट दिसते. हवेने दोन्ही रंग मुरायला दोन दिवस लागतात. तोवर शाम्पू नाही, तेल नाही, आणि घाईघाईने दुसरा लेप तर नाहीच. मी आता फोटोसुद्धा तिसऱ्या दिवशीच काढते, त्याच खिडकीशी. या खेपेला कानशिलं उन्हात गडद बदामी दिसताहेत, केशरी तार एखाददुसरीच. कपाळावरच्या कोवळ्या केसांनी अजून दाद दिलेली नाही.

मेंदी लोखंडी भांड्यात भिजवावी का, असं कुणीतरी विचारलं होतं. आवळ्यातलं टॅनिन आणि लोखंड मिळून काळा रंग तयार होतो हे खरं, लेपही रुबाबदार दिसतो. माझ्या पांढऱ्या बटांवर मात्र काचेच्या वाडग्यातल्या मेंदीहून वेगळं काही उतरलं नाही. भांडं घासायचे कष्ट तेवढे वाढले.

पाकिटामागची घटकांची यादी वाचायची सवय लावाच. मेंदीच्या पानातून काळा रंग येत नाही. अर्ध्या तासात काळे केस देणारी ‘काळी मेंदी’ असेल, तर आत बहुधा पीपीडी हे केसरंगातलं रसायन सापडेल, आणि त्याची ॲलर्जी झाली की ती जन्माची सोबत करते. धातूचे क्षार मिसळलेली पूड असेल तर नंतर कधी ब्लीच केल्यावर केस तापून तुटू शकतात. नवीन पूड आली की मी आधी फणीत आलेल्या केसांच्या झुपक्यावर लावून बघते, आणि कोपराच्या आतल्या बाजूला थोडी. झुपके तारखेसकट डब्यात ठेवलेत. पूड बारीक चाळलेली हवी, नाहीतर केसांतून रवा निघत राहतो.

निगेच्या बाजूने सांगायचं तर मेंदीनंतर पहिले एक-दोन दिवस केस राठ लागतात, पुढच्या धुण्याला मऊ होतात. धुवायला शिकेकाई पुरते. रिठा मला कोरडा पडतो. माक्याचं तेल लावते, पण लेपाच्या आदल्या दिवशी नाही, तेलकट केसावर रंग नीट बसत नाही.

पुढची खेप कपाळावरच्या केसांसाठी. तिथे नीळ न वापरता कॅसियाच्या (सोनामुखीच्या जातीच्या पानांच्या) पुडीत अगदी थोडी मेंदी घालून बघणार आहे. नुसत्या कॅसियाने पांढरा केस फिकट सोनेरी होतो, काळ्यावर रंग दिसतही नाही. मेंदीचं प्रमाण दहात एक धरलंय, आधी झुपक्यावर. कुणी केलं असेल तर किती वेळ ठेवलं ते सांगा.