रात्रीचे दोन फेरे

पाणीपुरवठ्याची छोटी खासगी कंपनी विकली जाते तेव्हा लोकांना वाटतं, सह्या झाल्या की मालक बदलला. सह्या हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. नियामकाची मंजुरी, उपशाचा परवाना, दुसऱ्यांच्या जमिनीतून पाइप नेण्याचे हक्क, ग्राहकांच्या अनामत रकमा (त्या परत करायची जबाबदारी घेणाऱ्याच्या गळ्यात पडते), यात महिने जातात. आम्ही अशीच एक कंपनी विकत घेत होतो; तिच्या टाकीखालची जमीन कंपनीच्या नव्हे, मालकाच्या स्वतःच्या नावावर आहे, हे आमच्या वकिलांच्या नजरेतून सुटलं होतं. ते मी पकडलं आणि जरा जास्तच खूश झालो.

तांत्रिक तपासणीही माझ्याकडेच होती. गळतीचा अंदाज घ्यायची जुनी रीत म्हणजे रात्री दोन ते चारमध्ये टाकीच्या आउटलेटचा मीटर बघायचा. सगळे झोपलेले असताना जे पाणी जातं, त्यातलं बरंचसं गळतीचंच. तीन रात्री मी बॅटरी घेऊन तिथे बसलो. काटा जेमतेम हलत होता. इतक्या जुन्या सिमेंटच्या पाइपांना हा आकडा शोभत नव्हता, पण मला तो आवडला.

ताबा मिळाला त्या दिवशी घरोघरचे मीटर वाचून घेतले, म्हणजे जुन्याचं बिल कुठे संपतं यावरून भांडण नको. त्या रात्री तीन वाजता आउटलेटचा मीटर भिंगरीसारखा फिरत होता. पहाटे मुख्य लाइन दोन ठिकाणी फुटली. सकाळी फोनवर सगळ्यांचं एकच, ‘नवा मालक आला आणि पाणी गेलं!’

जुने व्हॉल्व्हमन काका न बोलावता आले, खांद्यावर लांब चावी टाकून. त्यांना आम्ही घेतलं नव्हतं. साहेबांच्या मते एका व्हॉल्व्हसाठी एक माणूस ही चैन होती.

काकांनी झाकण उचललं, चावी बसवली आणि मोजत मोजत फिरवायला लागले. सहा इंची व्हॉल्व्ह पूर्ण बंद व्हायला साधारण वीस फेरे लागतात. अठराव्या फेऱ्याला ते थांबले. ‘रात्री अकरानंतर दोनच फेरे उघडा ठेवायचा. पहाटे हळूहळू सोडायचा, नाहीतर झटका बसतो.’ पूर्ण दाब त्या पाइपांना रात्रभर सोसत नाही. दिवसा वापरामुळे दाब उतरतो म्हणून निभावतं.

म्हणजे मी मोजली ती गळती नव्हतीच, काकांनी आवळलेला व्हॉल्व्ह होता. कंपनीच्या माहितीपत्रकात ‘चोवीस तास पूर्ण दाबाने पुरवठा’ असं छापलेलं. वरच्या मजल्यांना रात्री पाणी चढत नसणार. शिवाय दाब फारच पडला तर फटींतून बाहेरची घाण आत ओढली जाते. हे काकांना सांगितलं तर म्हणाले, ‘फुटलेल्या पाइपात काय जात नाही?’

‘मला का नाही सांगितलंत?’

‘तुम्ही विचारलंत, व्हॉल्व्ह चालतो का. चालतो.’

खरंच, माझ्या यादीत तेवढंच होतं. तीन रात्री मी त्या झाकणापासून वीस पावलांवर बसलो होतो. काका अकराला येऊन गेलेले असायचे, मी दीडला पोचायचो.

आता किमतीतले पैसे परत मागायचे आहेत आणि त्यासाठी माझा अहवाल हवा आहे. विकणाऱ्या मालकाला हे माहीत होतं का, मला कळत नाही; बिलं वसूल होत होती तोवर त्याने टाकीकडे फिरकायचं कारण नव्हतं. अहवालात एक रकाना आहे: ‘विक्रेत्याने जाणूनबुजून माहिती दडवली का? हो / नाही.’ काकांचं नाव कुठे लिहायचं, त्याला रकाना नाही. तोवर त्यांना रोज रात्री अकराला बोलावतोय, रोजंदारीवर.