आमची वाटचाल : दूध तुटल्याशिवाय करडू विकायचं नाही

धाराशिव जिल्ह्यात, उस्मानाबादी शेळीच्या मूळ मुलखातच आमचा फार्म आहे. सुरुवात घरच्या चार-दोन शेळ्यांवर झाली. आता पैदाशीचे बोकड आणि पाठी (तरुण माद्या) विकणं हाच मुख्य धंदा. बकरी ईदच्या बाजाराचं गणित वेगळं, ते पुन्हा कधीतरी.

या धंद्यात नाव टिकतं ते आपलं करडू गिऱ्हाइकाच्या गोठ्यात कसं राहतं त्यावर. अडीच-तीन महिन्यांचं करडू कासेवरून उचलून थेट टेम्पोत घातलं, की आई, दूध, चारा, सोबती सगळं एकाच दिवशी सुटतं. मग चारा सोडतं, हगवण लागते, वजन उतरतं. म्हणून आमच्याकडे दूध तुटून पंधरवडा झाल्याशिवाय करडू फाटकाबाहेर जात नाही. तेवढ्या दिवसांचा खुराक आमच्या अंगावर पडतो. व्यापारी कुरकुरतात, कुरकुरू देत.

तयारी तिसऱ्या आठवड्यापासून. फक्त करडांनाच शिरता येईल अशा कप्प्यात मक्याचा भरडा, शेंगपेंड आणि वर टांगलेली शेवरी, सुबाभूळ. कोठीपोट (रवंथाचं मोठं पोट) चाऱ्यानंच तयार होतं, नुसत्या दुधानं नाही. वेळ आली की शेळीच्या कासेला कापडी पिशवी. पिणं बंद, पण आई जवळच. ही पिशवी आजीच्या काळापासूनची, तेव्हा ती घरासाठी दूध राखायला असे. कॅनडात सस्काचेवान विद्यापीठाच्या संशोधकांनी मांसाच्या गाईंच्या वासरांवर हेच तत्त्व तपासलं : नाकात प्लास्टिकची पट्टी अडकवून आधी दूध बंद, काही दिवसांनी ताटातूट. वासरांचं हंबरणं आणि येरझाऱ्या खूपच कमी झाल्या.

पिशवीनंतर बारीक जाळीचं कुंपण. हलवायचं ते शेळीला. करडं ओळखीच्या जागीच राहतात, पलीकडे आई दिसते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या २००३ सालच्या अभ्यासात कुंपणाआड आई दिसणारी वासरं दहा आठवड्यांनंतरही वजनात पुढे होती. त्या आठवड्यात लस, कानातला बिल्ला, खच्चीकरण यातलं काहीच करत नाही; ते आधी किंवा नंतर. शेळीचा खुराक तेवढ्यापुरता कमी करून कास रोज चाचपावी लागते, नाहीतर दगडी (कासेची सूज) होते.

विकताना करडासोबत आमच्या भरड्याची पिशवी देतो, नवा खुराक त्यात हळूहळू मिसळायला. आणि एकटं करडू देत नाही, एकाच कप्प्यातली किमान दोन घ्यावी लागतात.