कुठे नेऊ? आधी तिथी बघा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. प्रश्न साधारण ठरलेला असतो, शाळेच्या गेटबाहेर, लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. "तुमची मुलं बाहेर रमतात, आमची मोबाइल सोडत नाहीत. मुंबईत मुलांना निसर्ग दाखवायला न्यायचं तरी कुठे?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा कर्जतचं एखादं रिसॉर्ट असतं, नाहीतर टी-शर्ट आणि टोपी देणारं शिबिर. माझं उत्तर ऐकून त्यांचा जरा विरस होतो. जागा घराजवळची कुठलीही चालते. वेळ मात्र नेमकी साधावी लागते, आणि परत परत त्याच जागी जावं लागतं.

वेळेचं समुद्रावरून सांगते, कारण तो आपल्याकडे फुकट आहे आणि आपण तो भेळेपुरता वापरतो. संध्याकाळी वांद्र्याच्या कार्टर रोडला गेलात आणि भरती असली तर कठड्याला आपटणारं पाणी दिसणार, बस. मुलं पाच मिनिटांत कंटाळणार. त्याच ठिकाणी ओहोटीला गेलात तर काळे खडक लांबवर उघडे पडलेले असतात आणि खळग्याखळग्यांत पाणी साचलेलं असतं.

ओहोटी कधी, हे कळायला भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, त्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे पहाटे ३ ला भरती आणि दुपारी ३ लाही. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणून सकाळी ९ च्या आगेमागे पाणी सगळ्यात मागे गेलेलं असतं. अमावास्या-पौर्णिमेला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. शिवाय त्या दिवसांत उधाण असल्यामुळे पाणी जसं वर चढतं तसंच खूप खालीही उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, तेव्हा फारसं काही उघडं पडत नाही. हा जुना हिशेब आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. काटेकोर वेळ हवी तर भरती-ओहोटीचं कोष्टक बघा, पण गणित मुलांनाच करू द्या. माझ्या सासऱ्यांना पाऊणकी अजून तोंडपाठ आहे. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, असं ते म्हणत सुटतात आणि धाकटी कालनिर्णयावर बोट ठेवून सोयीचा रविवार शोधते.

खडकांवर काय दिसतं? पहिल्या खेपेला काहीच नाही. दगड, शेवाळ आणि वास. इथेच बरेच आईबाप "आमच्या मुलाला आवड नाही" म्हणून कायमचे परत फिरतात. डोळ्याला सवय व्हायला दोन-चार फेऱ्या लागतात, मोठ्यांना तर जास्तच. मग एक दिवस डबक्यातला एक शंख चालायला लागतो. उचलला की आतला खेकडा पाय आखडून घेतो आणि हातात नुसता शंख राहतो. तो परत पाण्यात ठेवून सावली न पाडता उकिडवं बसलं की काही वेळाने आधी देठावर बसवल्यासारखे दोन डोळे बाहेर येतात, मग मिशा, मग नांगी. तेवढा वेळ धाकटी श्वास रोखून बसते. गृहपाठाला ती एवढी स्थिर कधीच बसत नाही, हे जाता जाता नमूद करते.

खारफुटीच्या कडेचा चिखल माझ्या मोठ्या मुलाचा आवडता. तिथे निवट्या नावाचा मासा असतो. डोक्यावर बटाट्यासारखे डोळे, पुढच्या परांवर रेटा देत चिखलातून सरपटतो, मधेच टुणकन उडी मारतो. डोळे कोरडे पडले की खोबणीत ओढून घेतो आणि ओले करून वर काढतो, आणि कातडी ओली राहावी म्हणून चिखलात लोळतो. "हा पाण्यात जात का नाही? बुडायला घाबरतो का?" असं मुलाने एकदा विचारलं. मी लगेच उत्तर दिलं नाही. माहिती सांगायची आपल्याला फार घाई असते. मुलांनी बघायच्या आत आपण कल्ले, त्वचा, श्वसन सगळं सांगून मोकळे होतो. त्याऐवजी कालवं काढणाऱ्या कोळणींशी बोलू द्या. एका मावशींनी आमच्या चिरंजीवांना चांगला दम भरला होता, दगड उलटलास तर होता तसाच परत ठेव म्हणून. माझं त्याने ऐकलं नसतं.

समुद्र लांब पडत असेल तर एक झाड धरा. पंधरा झाडांची नावं पाठ करायची गरज नाही, खिडकीतून किंवा शाळेच्या वाटेवर दिसणारं एकच पुरे. बहावा असला तर एप्रिल-मेमध्ये तो कसा पिवळा होतो ते बघा, तामण असली तर जांभळी. आमच्या आवाराबाहेरच्या पर्जन्यवृक्षाच्या वाळक्या फांदीत तांबट पक्ष्याने भोक पाडलं होतं. दिवसभर टुक टुक टुक. वाळकी फांदी म्हणजे कचरा, असं बहुतेक सोसायट्यांचं मत असतं. तांबटाला मात्र चोचीने कोरायला तसलंच मऊ लाकूड लागतं. मुलांनी सेक्रेटरींना अर्ज लिहिला आणि फांदी पावसाळ्यापर्यंत राहिली.

वर्षातून एखाददुसऱ्या वेळी बोरिवलीला जरूर जा, संजय गांधी उद्यान सोमवारी बंद असतं एवढं लक्षात ठेवा. तिथली कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. २०१६ मध्ये फुलली, मग २०२४ मध्ये. आता २०३२. तेव्हा आपण कितवीत असू, यावर आमच्याकडे बरीच हुज्जत झाली.

क्लासचं विचाराल तर स्केटिंग, फुटबॉल कोचिंग छान आहे, घाम निघतो. ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी दमणूक होईल असं हलावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते त्यात भागेल. पण शिट्टी वाजली की धावायचं आणि शिट्टी वाजली की थांबायचं, याला मी बाहेर हुंदडणं म्हणत नाही.

आणि चष्म्याची काळजी असेल तर ही गोष्ट मोबाइलइतकीच उजेडाचीही आहे. घरातला दिवा काहीशे लक्स, बाहेर सावलीतसुद्धा त्याच्या कितीतरी पट. तैवानमध्ये २०१० पासून शाळकरी मुलांना रोज २ तास उघड्यावर ठेवायचा कार्यक्रम सुरू झाला आणि वर्षानुवर्षं वाढत चाललेलं अधू नजरेचं प्रमाण त्यानंतर खाली वळलं. खेळच हवा असं नाही, नुसतं उघड्यावर असणंही चालतं.

भीती कशाची बाळगावी, तेही सांगते. मातीची नको. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्याची बाळगा, पायाला जखम असेल तर विशेष, कारण लेप्टोचा ताप त्यातून येतो. जुहूच्या वाळूवर पावसाळ्यात निळ्या फुग्यांसारखे समुद्री जीव पडलेले दिसतात, त्यांना हात लावू देऊ नका, मेलेले वाटले तरी त्यांचे धागे डसतात. खडकांवर चप्पल नको, मागून पट्टा असलेले सँडल हवेत. पाणी वळलं की मुलं कितीही रडली तरी निघायचं. उधाणाचं पाणी खडकांमधून मागच्या बाजूने आधी भरतं आणि आपण पुढे बघत राहतो.

मोबाइल सुटेल का? आमच्याकडे सुटलेला नाही. शनिवारी रात्री ओढाताण व्हायची ती होतेच. पण रविवारी ओहोटी सकाळची असली की दाराशी सँडल आधी मुलांचे येतात, माझे नंतर. आणि भेळ निघताना खायची, गेल्या गेल्या नाही. कागद उघडला की कुत्री जमतात, आणि मग खेकडे वगैरे सगळं राहतं बाजूला.