तुम्ही विचारलंत म्हणून: बर्फ पडल्यावर किती दिवस थांबायचं?

"परवा भरपूर बर्फ पडला, आज लख्ख ऊन आहे. स्की घेऊन उतारावर जायला किती दिवस थांबायचं?" हिवाळाभर लोक मला हे विचारतात. भीती असते हिमस्खलनाची, म्हणजे उतारावरचा बर्फ सुटून खाली कोसळण्याची. त्यांना एक आकडा हवा असतो. मी तो देत नाही, कारण बर्फ किती पडला याच्याइतकंच तो कशावर पडला हेही बघावं लागतं.

निव्वळ नव्या बर्फाचा धोका बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत ओसरतो. बर्फ दबतो, कण एकमेकांना धरतात. चोवीस तासांत ३० सेंटिमीटरच्या वर पडला असेल, तर मी लगेच तीव्र उताराचा विचारही करत नाही. पण वारा सुटला की हा हिशेब कोलमडतो. वारा एका बाजूचा बर्फ उचलून धारेपलीकडे, आडोशाच्या उतारावर टाकतो. आकाश निरभ्र असताना, एकही कण पडत नसताना, तो उतार तासातासाने जड होत असतो.

खरी भीती मला जुन्या थराची वाटते. निरभ्र, थंड रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर पातळ, चकचकीत स्फटिक उगवतात. दिसायला फार सुंदर. त्यांच्यावर नवा बर्फ पडला की ते तसेच गाडले जातात आणि कित्येक आठवडे कमकुवत राहतात. दुसरा प्रकार हंगामाच्या सुरुवातीचा. बर्फाचा थर पातळ, हवा कडाक्याची थंड आणि खालची जमीन त्या मानाने उबदार. खालची वाफ वर सरकते आणि कणांची पकड सुटते. असा बर्फ मुठीत दाबून बघा, गोळा होत नाही. रव्यासारखा बोटांतून गळतो. वरचा घट्ट थर याच्यावर टेकलेला असतो. खालचा हा कमकुवत थर एका जागी तुटला की तडा क्षणात लांबवर धावतो आणि वरच्या घट्ट थराची अख्खी लादी निसटते.

हे तपासायला आम्ही खड्डा खणतो. ९० सेंटिमीटर रुंद आणि उताराच्या वरच्या दिशेने ३० सेंटिमीटर आत जाणारा असा बर्फाचा ठोकळा चारी बाजूंनी मोकळा करायचा, एका टोकाला फावड्याचं पातं ठेवायचं आणि त्यावर थापा मारायच्या. आधी मनगटातून दहा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा. कितव्या थापेला तुटलं ते लिहून ठेवतोच, पण तडा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला का, हे मी जास्त बारकाईने बघतो. गेला, तर त्या उताराचा विषय संपला. नाही गेला, तरी परवानगी मिळाली असं मी मानत नाही. वीस पावलांवर थर वेगळा असू शकतो.

खड्ड्याआधी डोळे आणि कान वापरा. शेजारच्या उतारावर ताजं हिमस्खलन झालेलं दिसलं, पायाखाली 'धप्प' आवाज होऊन बर्फ खचला, स्कीच्या टोकापासून तडे पळाले, तर खणत बसू नका, मागे फिरा. एकदम ऊब वाढली किंवा पाऊस लागला तरी तेच.

उताराचा कोन मात्र मोजता येतो, म्हणून माझी सगळी भिस्त त्यावर. लादी सुटते ती बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर. शंका असेल त्या दिवशी मी ३० अंशांच्या खाली राहतो आणि डोक्यावर तीव्र उतार नाही ना, हेही बघतो. सपाटीवर चालणाऱ्याच्या वजनानेसुद्धा वरचा उतार सुटू शकतो.

बीकन (गाडलेल्या माणसाचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवंच, आणि ते वापरण्याचा सराव सोबत्यांनाही हवा. गाडल्या गेलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. बाहेरून मदत येईपर्यंत तेवढा वेळ सहसा उरत नाही.

"पण त्या उतारावर आधीच चार जणांच्या खुणा होत्या" हेही हमखास ऐकू येतं. कृपा करून त्या खुणांवर विसंबू नका. ते चौघे लादीच्या जाड भागावरून गेले असतील. पाचव्याचा पाय ती पातळ असते तिथे पडतो आणि उतार सुटतो.