आमची वाटचाल: क्लिकरच्या पेटीपासून

प्रश्न विचारून शिकवायचं आमचं काम. सुरुवातीला आमच्याकडे होतं काय, तर क्लिकरची, म्हणजे वर्गात बटण दाबून उत्तर द्यायच्या छोट्या रिमोटची, एक पेटी, रिसीव्हर आणि पार्टनरचा जुना लॅपटॉप. क्लिकर सगळे सेकंडहँड, बटणांवरची अक्षरं पुसलेली, काहींची सेलची झाकणं चिकटपट्टीने बसवलेली. पद्धत हार्वर्डच्या एरिक माझूर यांची, १९९१ पासून फिजिक्सच्या वर्गात वापरलेली. प्रश्न टाकायचा, एकेकट्याने उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा उत्तर. पहिल्या फेरीत ३० ते ७० टक्के बरोबर आले तरच वादात मजा, त्याखाली आले तर पुन्हा शिकवा, हे आमच्याकडे नवीन पोराला पहिल्या दिवशी पाठ करावं लागतं.

मग ते विद्यापीठाचं काम. प्राध्यापकांसोबत बसून एकेक प्रश्न घडवला, पायलट झाला, मागच्या बाकावरची मुलं भांडायला लागली आणि टेंडर गेलं दुसऱ्याला! त्यांच्याकडे बॅज, लीडरबोर्ड, शंभर टक्के कम्प्लीशनचा डॅशबोर्ड. वर आमचेच प्रश्न त्यांच्या स्कॉर्म पॅकेजमध्ये (ऑनलाइन कोर्सची ठरावीक साच्यातली फाइल), फक्त उत्तर लगेच उघडणारं बटण लावलेलं, म्हणजे विचार करायची सोयच काढून टाकली. याचा राग अजून आहे, राहणार. पगार थकले, पार्टनर नोकरीला गेला.

तगलो ते एका कंपनीच्या ट्रेनिंग हेड मॅडममुळे. ट्रेनिंगचा उपयोग झाला का हे मोजायच्या चार पायऱ्या कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकाने १९५९ मध्येच सांगितल्यात, आवडलं का, शिकले का, कामात उतरलं का, कंपनीला फरक पडला का, आणि आमचा अख्खा ट्रेनिंगचा धंदा पहिल्या पायरीवरच बसलेला. मॅडम म्हणाल्या, "फीडबॅक फॉर्म नको, महिन्याने न सांगता विचारा." विषय लॉकआउट-टॅगआउट, म्हणजे दुरुस्तीआधी मशीन बंद करून त्याला कुलूप आणि पाटी लावणं. स्लाइडवाल्या बॅचला कुलूप आठवत होतं, पण कुलूप लावल्यावर स्टार्ट दाबून मशीन खरंच बंद आहे ना हे बघायचं, ते प्रश्नवाल्या बॅचनेच सांगितलं. पुढची सगळी कामं त्यांच्या शब्दावर मिळाली.

प्राध्यापक मंडळींना एक सांगतो. २०१९ मध्ये हार्वर्डच्याच फिजिक्सच्या वर्गांत दिसलंय की ज्यांना डोकं चालवायला लावलं ती मुलं जास्त शिकली, पण त्यांना वाटलं मात्र कमी शिकलो. तेव्हा मुलांना हे पहिल्याच तासाला सांगून टाका, नाहीतर टर्मअखेरीच्या फॉर्मवर तुम्हीच मार खाल. आणि व्हेंडर डॅशबोर्ड दाखवायला लागला की थांबवा त्याला, महिन्यानंतरचे मार्क मागा.