फळ्याची डावी बाजू, उजवी बाजू

मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर व्हरांड्यात एक काळा फळा असायचा. १९८६ च्या दहावीतल्या आमच्या कुणालाही विचारा, तो आठवेल. इतिहासाच्या सरांनी त्यावर मधोमध पांढऱ्या रंगाची उभी रेघ मारून घेतली होती. डावीकडे बातम्या, उजवीकडे क्रिकेट. नववीत असताना तो फळा लिहायचं काम माझ्याकडे आलं. अक्षर बरं होतं आणि घर शाळेला लागून होतं, एवढंच कारण. वर्तमानपत्र आपल्या गावात वरुडहून एसटीने दुपारी यायचं, म्हणून सकाळी सरांच्या ओट्यावर बसून आकाशवाणीच्या बातम्या ऐकायच्या, वहीत टिपायच्या, आणि प्रार्थनेच्या आत फळ्यावर उतरवायच्या.

ते वर्ष साधं नव्हतं. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिराजी गेल्या आणि पाकिस्तानात सियालकोटला चाललेला आपला सामना अर्ध्यावर थांबला. वेंगसरकर ९४ वर नाबाद होता. त्या दिवशी उजवी बाजू पुसायची का, असं मी विचारलं. सर म्हणाले, "सामना का थांबला ते लिही. तीही बातमीच आहे."

इंग्लंडचा संघ त्याच दिवशी भारतात उतरला होता. मुंबईची पहिली कसोटी २८ नोव्हेंबरला सुरू व्हायची होती आणि आदल्या दिवशी मुंबईतच ब्रिटनचे उपउच्चायुक्त पर्सी नॉरिस यांची गोळ्या घालून हत्या झाली. इंग्लंडचे खेळाडू नुकतेच त्यांच्या घरी पाहुणचाराला गेले होते. 'उपउच्चायुक्त' हा शब्द मी तीनदा चुकवला. सरांनी तीनदा पुसायला लावला. माणूस गेला आहे, त्याचं पद तरी नीट लिही, हे त्यांचं म्हणणं मला त्या वयातही पटलं.

कसोटी मात्र झाली, आणि काय झाली! लक्ष्मण शिवरामकृष्णन, वय वर्षं अठरा, म्हणजे आमच्याहून चार वर्षांनी मोठा. त्याने पहिल्या डावात ६४ धावांत ६ गडी काढले आणि इंग्लंड १९५ मध्ये संपलं. मधल्या सुट्टीत आम्ही सगळे गोट्या, लिंबं, जे हाती लागेल ते मनगटातून फिरवून पाहत होतो. मग शास्त्री १४२, किरमाणी १०२, सातव्या गड्यासाठी २३५ धावा, भारताचा तेव्हाचा विक्रम. उजव्या बाजूला जागा पुरेना. ३० तारखेला विश्रांतीचा दिवस होता, तेव्हा शाळेत येणारा प्रत्येक जण फळ्याकडे बघून "आज काऊन कोरा हाय बे?" असं मलाच विचारत होता.

सोमवार, ३ डिसेंबर. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीतल्या ट्रान्झिस्टरभोवती आम्ही खिडकीतून माना घालून उभे होतो, ते स्कोअरसाठी. कानावर आली भोपाळची बातमी. रात्री कीटकनाशकाच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, माणसं मेली. विज्ञानाच्या सरांनी पुढे वर्गात त्या वायूचं नाव सांगितलं, मिथाइल आयसोसायनेट. हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत पसरतो, झोपलेल्याला आधी गाठतो. वर्गात बसलेलो आम्ही सगळी कास्तकारांची पोरं. परहाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी म्हटलं की पाठीवर पंप, तोंडाला काही नाही, औषध ढवळायला हातच. बोंडअळीचं औषध अशाच कारखान्यांतून येतं, हे त्या दिवशी कळलं. घरी जाऊन मी बाबांना सांगितलं, तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

माझ्या बाकावर बसणारा मित्र मात्र खिडकीतून खाली उतरला आणि थेट इतिहासाच्या सरांकडे गेला. "सर, माहा भाऊ भोपालले गेला हाय. संत्र्याच्या ट्रकवर." आंबिया बहाराची संत्री निघत होती. रोज गाड्या भरून पांढुर्णा, मुलताई, बैतूल करत वर जायच्या. सरांनी त्याला सायकलवर बसवलं आणि पोस्टात नेलं. ट्रंक कॉल लागला नाही.

शाळा सुटायच्या आत कसोटीचा निकाल आला. शिवरामकृष्णनने दुसऱ्या डावातही ११७ धावांत ६ गडी घेतले, भारत आठ गड्यांनी जिंकला. १९८१ नंतरचा आपला पहिला कसोटी विजय. खडू हातात घेऊन मी उभा राहिलो. डावीकडे मृतांचा आकडा, उजवीकडे हे. मला दोन्ही लिहवेना. सर बाजूला येऊन उभे राहिले. "दोन्ही लिही. अक्षर दोन्हीकडं सारखं ठेव. आणि आकडा लिहिलास की वेळ लिही, कारण तो बदलणार आहे." तो बदलत राहिला. त्या आठवड्यात मी तो किती वेळा पुसला, मोजलं नाही. पुढे मध्य प्रदेश सरकारने ३,७८७ मृत्यू नोंदवले. खरा आकडा त्याहून फार मोठा, असं तिथली माणसं आजही सांगतात. महसूल खात्यातल्या माझ्या नोकरीत गारपिटीचे, पुराचे कितीतरी पंचनामे झाले. आकड्यापुढे वेळ टाकल्याशिवाय माझी सही झाली नाही.

मित्राचा भाऊ गुरुवारी आला. रविवारी संध्याकाळी माल उतरवून ट्रकमध्येच झोपला होता. मिरच्या जाळल्यासारखा ठसका लागून जाग आली, आणि लोक जिकडे पळत होते तिकडे तोही पळाला. आम्ही पाहायला गेलो तेव्हा तो ओट्यावर खाटेवर पडलेला होता, डोळ्यांवर ओलं फडकं. घरात बायाबापड्यांची गर्दी होती. त्याची आई कुणालाही त्याच्याशी बोलू देत नव्हती.

माझा आवाज ओळखून त्याने हात वर केला. "तू शाळेतला फळा लिवतो ना बे? रस्त्यानं आइकत गेलतो, तवा इंग्लंडचा गॅटिंग खेळत होता. आउट झाला का मंग तो?"

"झाला," मी म्हणालो. "एकशे छत्तीसवर."